सहावा अल्बम आला तरी 'नवीन' कशी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात लहानपणी टीव्हीवर चमकलेल्या आणि पुढे गाण्यात गेलेल्या पोरांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात अमेरिकेच्या सॅब्रिना कार्पेंटरचं नाव ओझरतं आलं आणि त्या एका नावावरूनच पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप सुरू झाले. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, ही पोरगी एकदम उगवली कुठून. पालकांचे प्रश्न मात्र वेगळे आहेत आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त महत्त्वाचे वाटले, म्हणून त्यांना जागा जास्त दिलीय. नावं छापत नाही, फक्त गाव.

मडगाव : ताई, हॉस्टेलमधल्या सगळ्या मुली सॅब्रिना सॅब्रिना करतात. २०२४ च्या आधी मी तिचं नाव पण ऐकलं नव्हतं. एका 'एस्प्रेसो' गाण्यावर माणूस एवढा मोठा होतो? हे नशीब की नुसतं मार्केटिंग?

नशीब म्हणत असशील तर ते यायला दहा वर्षं लागली बाय. सॅब्रिना १९९९ ची, पेनसिल्व्हेनियातली. दहाएक वर्षांची असताना दुसऱ्यांची गाणी म्हणून यूट्यूबवर टाकायची, वडिलांनी घरातच तिला रेकॉर्डिंगची खोली करून दिली. त्याच सुमारास मायली सायरस या डिस्नीच्या गाणाऱ्या नटीच्या नावाने एक गाण्याची ऑनलाइन स्पर्धा होती, त्यात ही तिसरी आली. तिसरी हां, पहिली नाही. मग २०११ मध्ये एका पोलीस मालिकेत छोटासा रोल, आणि २०१४ मध्ये डिस्नी चॅनलची 'गर्ल मीट्स वर्ल्ड', त्यात हिरॉइनची मैत्रीण माया. तीन सीझन चालली, २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली.

आता तुझ्या प्रश्नाचा मुद्दा. गाणं तिने मालिका संपल्यावर सुरू केलेलं नाही, मालिका सुरू झाली त्याच २०१४ मध्ये डिस्नीच्याच हॉलिवूड रेकॉर्ड्समधून तिचं पहिलं गाणं आलं. मग अल्बम २०१५ मध्ये एक, २०१६ मध्ये एक, २०१८ मध्ये एक, २०१९ मध्ये अजून एक. चार झाले! आणि तुझ्या हॉस्टेलमध्ये कोणाला पत्ता नाही. बरं मधे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 'मीन गर्ल्स' या संगीत नाटकात मेन रोल मिळाला, मार्च २०२० मध्ये, दोन प्रयोग झाले आणि कोविडमुळे सगळी थिएटरं बंद. दुसरी कोणी असती तर घरी जाऊन बसली असती.

२०२१ मध्ये तिने कंपनी बदलली, आयलंड रेकॉर्ड्सकडे गेली आणि २०२२ च्या अल्बमपासून गाण्यांचा तोंडवळाच बदलला, स्वतःच्या आयुष्यातलं, जरा तिखट, जरा चावट. त्यातल्या 'नॉन्सेन्स'ची गंमत ऐक, कॉन्सर्टमध्ये त्या गाण्याच्या शेवटी ती दर वेळी नवीन दोन-तीन ओळी जोडायची, ज्या शहरात शो असेल त्या शहराच्या नावाशी यमक जुळवून, आणि लोक मोबाईल वर करून वाट बघत राहायचे की आज काय बोलतेय, रात्रीत क्लिप सगळीकडे फिरायची. मार्केटिंग म्हणायचं तर हे मार्केटिंग, पण ओळी रोज नव्या लागतात आणि समोरची पब्लिक हसली पाहिजे.

मग २०२३-२४ मध्ये टेलर स्विफ्टच्या इराज टूरमध्ये ओपनिंगला, मेक्सिको, अर्जेंटिना, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर. हे ओपनिंगचं काम म्हणजे आपल्या जत्रेत मेन नाटकाच्या आधी स्टेजवर उभं राहण्यासारखं, लोक अजून खुर्च्या शोधतायत, निम्मे खाजें घ्यायला गेलेत आणि जे बसलेत ते दुसऱ्यासाठी आलेत. तिथे लक्ष खेचता आलं तर खरं. 'एस्प्रेसो' आलं ११ एप्रिल २०२४ ला, कोचेला फेस्टिव्हलमध्ये ती गायली त्याच्या आदल्या दिवशी. जूनमध्ये 'प्लीज प्लीज प्लीज' आलं आणि ते अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत एक नंबरला गेलं, तिचं पहिलंच. 'एस्प्रेसो' स्वतः तिथे तीनपर्यंतच पोचलं होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑगस्टमध्ये 'शॉर्ट एन स्वीट' अल्बम, तो थेट एक नंबरवर.

आणि सगळ्यात भारी गोष्ट पुढेच. फेब्रुवारी २०२५ च्या ग्रॅमीमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या मोठ्या पुरस्कारांत, तिला सहा नॉमिनेशन्स, दोन जिंकली, पण त्या सहात एक होतं 'बेस्ट न्यू आर्टिस्ट'चं! सहावा अल्बम आणि नवीन कलाकार! (ते शेवटी चॅपल रोन या गायिकेला मिळालं.) ग्रॅमीवाले पहिलं गाणं कधी आलं ते धरत नाहीत, माणूस लोकांच्या नजरेत कधी भरला ते धरतात. म्हणून तू २०२४ च्या आधी नाव ऐकलं नव्हतंस यात तुझं काही चुकलं नाही, ग्रॅमीवाल्यांचं पण तसंच.

पणजी : मायली, सेलेना गोमेझ, ऑलिव्हिया, आता ही सॅब्रिना. सगळ्या डिस्नीच्याच. टीव्ही त्यांचा, रेकॉर्ड कंपनी त्यांची, मग हिट होणारच ना? यात कर्तृत्व कसलं?

अर्धं बरोबर आहे तुमचं. दार उघडायला डिस्नी लागतं, पोरगी बारा-पंधरा वर्षांची असताना घराघरात चेहरा पोचतो हे कुठल्याही गाण्याच्या क्लासला जमणार नाही. पण दार उघडलं म्हणजे आत बसायला जागा मिळते असं नाही, उलट त्या चेहऱ्याचंच ओझं होतं. मायलीची 'हॅना मॉन्टाना' २००६ ते २०११ चालली, मालिकेतली पोरगी दिवसा शाळेत आणि रात्री विग घालून पॉपस्टार, म्हणजे गाणारी म्हणून लोक ओळखायचे ते तिला नाहीच, त्या विगवालीला. ते पुसायला २०१३ मध्ये 'बँगर्झ' अल्बमच्या वेळी तिने जे काय केलं ते तुम्हाला आठवत असेल, आईवडील लोकांना घाम फुटला होता. आणि पहिलं ग्रॅमी कधी मिळालं तर २०२४ मध्ये, 'फ्लॉवर्स'साठी, मालिका सुरू झाल्यावर १८ वर्षांनी. मधे २०१९ मध्ये व्होकल कॉर्डचं ऑपरेशन पण झालं होतं, त्या गाण्यातला तो जाडसर खरखरीत आवाज ऐका, हॅनावाली पोरगी त्यात शोधून सापडत नाही.

ऑलिव्हिया रॉड्रिगोचं वेगळं. तिचं 'ड्रायव्हर्स लायसन्स' जानेवारी २०२१ मध्ये आलं तेव्हा ती डिस्नीच्या मालिकेत कामच करत होती, पण गाण्याचा करार तिने डिस्नीच्या कंपनीशी केला नव्हता, गेफेन या दुसऱ्याच कंपनीशी केला होता. मला वाटतं तिने आधीच्या पोरींचं बघून हुशारी केली. गाणं आल्या आल्या एक नंबर, पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी. आणि एरियाना ग्रांडे तर डिस्नीची नाहीच, निकेलोडियन या मुलांच्या दुसऱ्या चॅनलची, 'व्हिक्टोरियस' मालिकेतली ती लाल केसांची कॅट, पहिला अल्बम २०१३ मध्ये.

माझं म्हणाल तर टीव्हीने या पोरींना आवाज दिला नाही, टायमिंग दिलं. सॅब्रिनाची मालिका कॉमेडी होती, सिटकॉम. रोज सेटवर एकच वाक्य चार वेळा म्हणायचं, हशा कुठे येणार ते ओळखून अर्धा सेकंद थांबायचं, चेहरा सरळ ठेवून टोमणा मारायचा. तिची आत्ताची गाणी नीट ऐका, गंभीर चालीत मधेच एक वाह्यात ओळ टाकते आणि लगेच पुढे जाते, थांबत नाही. ही गायनाच्या क्लासमध्ये शिकवायची गोष्टच नव्हे, हे नाटकवाल्यांचं काम.

म्हापसा : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, दिवसभर सॅब्रिनाचीच गाणी. शब्द मी एकदा नीट वाचले आणि हादरले. बंद करू का?

शब्द मोठ्यांसाठीच आहेत, सॅब्रिना स्वतः मोठी झालीय आणि तिने ते कधी लपवलं नाही. बंद केलं तर शाळेच्या बसमध्ये ऐकेल. अ‍ॅपमध्ये 'एक्स्प्लिसिट' गाणी बंद करायची सेटिंग असते ती लावा, आणि तिचे २०१५-१६ चे जुने अल्बम लावून बघा, ते त्याच वयाच्या पोरींसाठी होते. नाही आवडले तर नाही आवडले, चाल आवडते म्हणून गाणारी नऊ वर्षांची पोर अर्थ बघत नसते हो. आपण तरी लावण्या पाठ केल्या तेव्हा कुठे कळत होतं.

फोंडा : मी ७८ वर्षांचा आहे. तुम्ही लहान पोरं गायक झाली म्हणून कौतुक करता पण आमच्या गोव्यात हे शंभर वर्षं चालत आलंय, त्यात टीव्ही नव्हता एवढंच. याबद्दल कधी लिहिणार?

आजोबा, आत्ताच लिहिते. मंगेशीचे दीनानाथ पोरवयात किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, तिथे स्त्रीभूमिका करायचे, गायचे, आणि १९१८ मध्ये तर त्यांनी मित्रांबरोबर स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली, अठराव्या वर्षाच्या आसपास! आजच्या भाषेत कंपनी बदलली नाही, स्वतःची काढली. सगळा हिशोब तोच होता, लोक आधी चेहऱ्याने ओळखणार, मग आवाज टिकवायचा आणि स्वतःची गायकी उभी करायची. दीनानाथांची ती फिरत असलेली, धक्के देत जाणारी तान दुसऱ्या कोणाची वाटत नाही.

आणि त्यांच्याच घरातली पुढची गोष्ट, १९४२ मध्ये ते गेले तेव्हा लता बारा वर्षांच्या. घर चालवायला सिनेमात छोटी छोटी कामं केली, 'पहिली मंगळागौर' त्याच वर्षीचा. म्हणजे लतादीदी सुद्धा लहानपणी पडद्यावर काम करून मग गायिका झालेल्या, फक्त त्यांना कॅमेऱ्यासमोरचं ते काम आवडायचं नाही आणि सुटल्या तेव्हा परत वळून बघितलं नाही. तुमच्या पत्रामुळे हे लिहायची संधी मिळाली, देव बरें करूं.

डिचोली : मुलगा ११ वर्षांचा. गावच्या देवळात भजनाला बसतो, यंदा बाल भजनी स्पर्धेत त्यांच्या पथकाचं नाव झालं. आता सगळे म्हणतात मुंबईला टीव्हीच्या ऑडिशनला पाठव. एकाने 'ग्रूमिंग'चे पैसे पण मागितले. बायको नको म्हणते. आमची शेती आणि छोटं दुकान, यातलं काही कळत नाही. काय करावं?

दादा, आधी ग्रूमिंगवाल्याला एक पैसा देऊ नका. ऑडिशनला जायला पैसे लागत नाहीत, लागतात असं सांगणारा माणूस चॅनलचा नसतो.

आता बाकीचं सावकाश. मुलगा ११ वर्षांचा आहे म्हणता, म्हणजे अजून एक-दोन वर्षांत, फार तर तीन, त्याचा आवाज फुटणार. यात घाबरायचं काही नाही, कंठ वाढतो, आतल्या स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. आज तो पेटीच्या काळी चार किंवा काळी पाच पट्टीत मोकळा गात असेल, उद्या काळी एकला येईल. मधले काही महिने, कधी वर्षभर पण, सूर लावायला जावं तर वेगळाच लागतो, वरचा स्वर मधेच फाटतो. त्या काळात ओढून गायला लावलं तर नुकसान, आणि गाणं पार बंद करणं पण बरोबर नाही, खालच्या पट्टीत, जिथे सहज लागतं तिथेच थोडं थोडं. त्याच्या बुवांना हे माहीत असणार, त्यांना विचारा. पण टीव्हीच्या माणसाला हे माहीत असून उपयोग नसतो, त्याचं शेड्यूल ठरलेलं असतं. मुलींचा पण आवाज त्या वयात थोडा उतरतो, फक्त एवढा धक्का बसत नाही.

म्हणून टीव्हीवर जो आवाज गाजतो तो मुलाकडे कायम राहणारच नसतो हे पक्कं धरून चला. २००८ मध्ये झी मराठीवर सारेगमप लिटिल चॅम्प्स सुरू झालं, २००९ च्या फेब्रुवारीत आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, तुम्ही पण बघितलंच असेल, त्या रात्री रस्ते रिकामे होते. त्यातला लातूरचा रोहित राऊत, तो इंडियन आयडॉलच्या अकराव्या सीझनमध्ये उपविजेता झाला, २०१९-२० मध्ये. मधली दहा वर्षं बघा. लिटिल चॅम्प म्हणून जो आवाज लोकांना आवडला होता तो गेला, दुसरा आला, आणि त्या दुसऱ्या आवाजावर परत शून्यापासून रांगेत उभं राहायला लागलं. सॅब्रिनाची पण २०१४ ते २०२४ दहाच. त्याच सीझनमधल्या आर्या आंबेकरचं नाव परत मोठं झालं ते २०१७ च्या सिनेमाने. प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन शास्त्रीय आणि नाट्यसंगीतात राहिले, २०२३ मध्ये लग्न पण केलं दोघांनी. त्या पाचही जणांना २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसवलं. ही पाच टिकली कारण मधल्या वर्षांत, जेव्हा कॅमेरा नव्हता, तेव्हा शिकत राहिली. त्या सीझनमध्ये पोरं पन्नास होती, बाकीच्यांची नावं आज तुम्हाला किती आठवतात?

जायचंच ठरलं तर नियम माहीत असू देत. आपल्याकडे बालमजुरीच्या कायद्याचे नियम २०१७ मध्ये बदलले, त्यात बाल कलाकारांसाठी वेगळी कलमं आहेत. मुलाला घेऊन कार्यक्रम करायचा तर निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. मुलाच्या मनाविरुद्ध तर अजिबात नाही. आणि हे लिहून ठेवा, मिळालेल्या पैशातले कमीत कमी २० टक्के थेट मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स डिपॉझिटला, ते त्याला सज्ञान झाल्यावरच मिळणार. करारावर सही करायच्या आधी हे विचारा, समोरचा चुळबुळ करायला लागला तर उठून या.

अशा पैशाच्या नियमाची एक जुनी गोष्ट पण सांगते, कारण तुमच्या बायकोला ते पटेल. १९२१ मध्ये चार्ली चॅप्लिनच्या सिनेमात जॅकी कूगन म्हणून एक पोरगा होता, जगभर नाव झालं, रग्गड कमावलं. मोठा होऊन बघतो तर आई आणि सावत्र बापाने पैसा उडवलेला. तो कोर्टात गेला आणि त्यातून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये कायदा झाला, आज तिथे १५ टक्के वेगळे ठेवावे लागतात. तरी पण सगळं कायद्याने होत नाही. ब्रिटनी स्पिअर्स ११ व्या वर्षी 'मिकी माऊस क्लब'मध्ये टीव्हीवर आली, १९९८ मध्ये पहिलं गाणं, जगात एक नंबर, आणि २००८ पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत तिचा पैसा आणि तिचे निर्णय कोर्टाच्या हुकमाने दुसऱ्यांच्या हातात, त्यातली बरीच वर्षं सख्ख्या बापाच्या. स्वतःच्या पैशावर स्वतःची सही चालत नव्हती.

तुमची बायको नको म्हणते ते नुसतं भीतीने म्हणते असं धरू नका, तिचं कारण नीट विचारून घ्या. आणि मुलाला विचारलंत का, पत्रात तर तसं काही दिसलं नाही. त्याला टीव्ही हवाय की गाणं हवंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ११ वर्षांचा पोरगा दोन्हीला हो म्हणेल, म्हणून एकेक करून विचारा. मी तुमच्या जागी असते तर यंदा ऑडिशन सोडून दिली असती, पणजीला कांपालला कला अकादमीत भारतीय संगीताचं शिक्षण मिळतं तिथे चौकशी केली असती, डिचोलीहून रोज जमणार नाही हे कळतं, तर जवळ साखळीला रवींद्र भवन आहे तिथे विचारलं असतं, आणि भजन अजिबात सोडू दिलं नसतं. पथकात गायला बसलं की दुसऱ्याचं ऐकायची सवय लागते, झील धरताना, म्हणजे बुवांच्या मागून ओळ म्हणताना, पुढे पळता येत नाही. टीव्हीवर एकट्याने उभं राहायला शिकवतात, हे नाही शिकवत. आवाज बसल्यावर सतरा-अठराव्या वर्षी त्यालाच वाटलं तर मग जाऊ दे की, तेव्हा मुंबई कुठे पळून जात नाही.

वास्को : सॅब्रिनाची आंटी म्हणजे कार्टूनमधल्या बार्ट सिम्पसनचा आवाज, हे खरं की फेकाफेक?

खरं आहे! नॅन्सी कार्टराइट. 'द सिम्पसन्स' १९८९ पासून चालू आहे आणि बार्ट अजून दहा वर्षांचाच, त्यामुळे त्या घरात एक पोरगा असा आहे ज्याचा आवाज अजून फुटलेला नाही. डिचोलीच्या दादांनी हा सोडून बाकी सगळं मनावर घ्यावं.